देवनारच्या ढिगाचा पंचनामा

मुंबई महानगरपालिकेने देवनारच्या कचराभूमीवर जवळजवळ शतकभर साचत आलेला सुमारे १८५ लक्ष टन कचरा उकरून, चाळून, तीन वर्षांच्या मुदतीत तेथून हलविण्यासाठी २०२५ साली निविदा मागविल्या आणि त्या कामाचा खर्च दोन हजार तीनशे कोटी रुपयांहून अधिक अंदाजिला, तेव्हा या ढिगाच्या पायथ्याशी ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या त्या शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगरच्या रहिवाशांना अखेर आपली दाद लागली असे वाटले असेल, तर ते स्वाभाविकच आहे. हा ढीग हलला पाहिजे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु या कामाची आजवर जी जाहीर चर्चा झाली ती किती टन, किती कोटी, किती एकर आणि मोकळी होणारी जमीन कोणाच्या पदरात, या चार प्रश्नांभोवतीच घोटाळत राहिली. या ढिगाने खालच्या मातीचे, भोवतालच्या पाण्याचे, शेजारच्या खाडीचे आणि तेथे श्वास घेणाऱ्या माणसांच्या देहाचे नेमके काय केले आहे, हा प्रश्न, जो क्रमाने पहिला यावयास हवा होता, तो मागेच राहिला. माझे म्हणणे असे, की यंत्रे ढिगाच्या पोटात खोल शिरण्यापूर्वी या भूमीची सांगोपांग चौकशी व्हावी, तिचा अहवाल मराठीत आणि तेथल्या वस्तीला उमजेल अशा हिंदी-उर्दूतही जाहीर लावला जावा, आणि ढीग हलला की काम संपले असे न मानता, चौकशीत जी हानी आढळेल ती निस्तरली गेल्यावरच काम संपले असे मानले जावे.

देवनारची जमीन मुळात ठाणे खाडीच्या काठची, खाजणाची. भरतीला पाणी आत यावे, ओहोटीला चिखल उघडा पडावा, तिवरांच्या मुळांत मासळीने अंडी घालावीत, असा तिचा शतकानुशतकांचा व्यवहार होता. आणि शेतसारा देत नाही ती जमीन निरुपयोगी असे मानणाऱ्या त्या काळच्या महसुली दृष्टीला या व्यवहाराची किंमत कळणे शक्यच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी कुर्ल्याहून चेंबूरकडे जो लोहमार्ग घातला गेला तो शहराचा कचरा वाहण्यासाठी. उतारूंची गाडी त्यावरून पुढे १९२४ मध्ये धावू लागली. देवनारला रीतसर कचरा टाकण्याचा आरंभ सामान्यतः १९२७ पासून धरला जातो. तेव्हापासून गिरणगावची मुंबई, बंदराची मुंबई, कारखान्यांची मुंबई आणि आता कचेऱ्यांची मुंबई अशी शहराची रूपे एकामागून एक बदलत गेली आणि प्रत्येक रूपाने आपला थर तेथे मागे ठेवला. काही ठिकाणी हे थर आज दहा-बारा मजली इमारतीइतके उंच आहेत.

या वस्त्यांविषयी बोलताना एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याचा निकाल आधीच लावलेला बरा: कचऱ्याजवळ राहावयास यांना कोणी सांगितले होते? उत्तर दप्तरात आहे. १९७० च्या दशकात शहराच्या अन्य भागांतील झोपड्या हटवून तेथील कुटुंबांना या पूर्वेकडच्या टोकाला आणून वसविण्यात आले. शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या काटकोनात आखलेल्या गल्ल्या कोणा अतिक्रमकाच्या मनाने पडलेल्या नाहीत, त्या पुनर्वसनासाठी सरकारी नकाशावर आखलेल्या आहेत. आणि तेथून थोड्याच अंतरावरचा चिता कँप १९७६ साली जनता कॉलनी उठवून वसविला गेला. म्हणजे कचरा आणि माणसे या दोहोंनाही या जागी आणणारा हात एकाच शासनयंत्रणेचा होता, आणि म्हणून या शेजाराच्या परिणामांची जबाबदारीही तिला टाळता येणार नाही. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात शहरातील सर्व प्रभागांत, या वस्त्या ज्यात येतात त्या एम-पूर्व प्रभागाचा क्रमांक शेवटचा लागला, हे येथे विसरता कामा नये. दारिद्र्य, गर्दी, पाण्याची टंचाई अशी त्याची कारणे अनेक आहेत. त्या कारणांतील कचराभूमीचा वाटा किती, हे आजही कोणी मोजून सांगू शकत नाही, आणि मोजलेच नाही म्हणून तो नाहीच असे गृहीत धरण्याची वहिवाट पडली आहे.

ढिगाच्या पोटात काय चालते ते जरा तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण चौकशीची आवश्यकता तेथूनच उपजते. आजच्या शास्त्राप्रमाणे बांधलेल्या भरावभूमीच्या तळाशी दाबलेल्या चिकणमातीचा थर असतो, त्यावर जाड प्लास्टिकचे अस्तर, आणि त्यावर झिरपलेले पाणी गोळा करणाऱ्या नळ्या. देवनारच्या तळाशी खाजणाचा चिखल आहे, त्यावर कचरा आहे, मध्ये काहीही नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा मुंबईचा पाऊस या ढिगातून खाली उतरतो, तेव्हा त्यात सडलेल्या अन्नाचे सेंद्रिय द्रव्य, अमोनिया, क्षार, आणि बॅटऱ्या, रंगांचे डबे, नळदिवे, थर्मामीटर यांतून सुटलेले शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम यांसारखे धातू थोड्याथोडक्या प्रमाणात विरघळत जातात. असे जे काळपट, उग्र पाणी तळाशी जमते त्याला कचऱ्याच्या कामातली मंडळी लिचेट म्हणतात. त्याला वाट मिळेल तिकडे ते जाते: भूजलात जाते, नाल्यात जाते, खाडीत जाते. दुसरीकडे, हवा न पोहोचणाऱ्या थरांत कुजण्याची क्रिया चालू असते आणि तीतून जो वायू निघतो त्यात निम्म्याच्या आसपास मिथेन असतो. हा मिथेन हवेत शेकडा पाच ते पंधरा या प्रमाणात मिसळला, की एक ठिणगी स्फोटास पुरेशी होते. त्याच्याबरोबर येणारा हायड्रोजन सल्फाइड कुजक्या अंड्याच्या वासाने ओळखू येतो आणि प्रमाण वाढले तर माणसाची घ्राणशक्तीच बधिर करून टाकतो, त्यामुळे धोका वाढतो त्याच क्षणी त्याची सूचना बंद होते.

२०१६ च्या जानेवारी महिन्याच्या अखेरीस देवनारला जी आग लागली तिने हे सारे उघड्यावर आणले. धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला, महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, मार्चमध्ये पुन्हा आग भडकली. याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने, कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम महापालिका पाळीत नाही असे पाहून, शहरातील नव्या बांधकामांच्या परवानग्यांवर निर्बंध घातले. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्बंधांना स्थगिती दिली. त्या आगीने शहराच्या पश्चिमेकडील लोकांनाही देवनार ठाऊक झाले, एवढे खरे. पण आगीनंतरच्या उपायांचा रोख भिंती, पहारा, कॅमेरे आणि ढिगावर चढणाऱ्या कचरावेचकांना मज्जाव यांवर राहिला. धुराचा स्रोत ढिगाच्या आत असताना बाहेरच्या माणसावर नजर ठेवण्यात मोठी शक्ती खर्ची पडली, आणि ज्यांचे पोट ढिगावर होते त्यांच्या उपजीविकेवर तिचा पहिला आघात झाला.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या जनहितयाचिकेतून या देशात नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम २००० साली जन्मले आणि २०१६ साली त्यांची जागा अधिक विस्तृत नियमांनी घेतली. जुन्या कचराभूमींची चौकशी व पृथक्करण करणे हे या २०१६ च्या नियमांनी स्थानिक संस्थेचे कर्तव्यच ठरविले होते. परंतु ती चौकशी कशासाठी, हे वाचले की मन उदास होते. बायोमायनिंग, म्हणजे ढीग उकरून चाळून काढणे, होण्याजोगे आहे की नाही हे ठरविण्यासाठी चौकशी करावी, आणि तसे होण्याजोगे नसेल तर ढीग शास्त्रीय रीतीने झाकून टाकावा, एवढेच ते कलम सांगत होते. ढीग उकरता येईल का, हा प्रश्न कायद्याला सुचला. ढिगाने शेजाऱ्यांचे काय केले, हा प्रश्न त्या कलमात नव्हता. नव्या भरावभूमीसाठी मात्र त्याच नियमांत कितीतरी सूक्ष्म दक्षता होती: जागा सुरू करण्यापूर्वी भूजलाची मूळ स्थिती नोंदवून ठेवावी, हद्दीपासून पन्नास मीटरांच्या आतील भूजल उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर असे तिन्ही ऋतूंत तपासावे, वस्ती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी दोनशे मीटर दूर असाव्यात. अजून कोणालाही इजा न केलेल्या जागेवर इतकी निगराणी, आणि जिने शंभर वर्षे झिरपत काढली तिच्याविषयी एक वाक्य, हा उलटा न्याय होता. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ पासून जुन्या कचऱ्याच्या विल्हेवाटीचा तगादा लावला, केंद्राने स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात त्यासाठी पैसा ठेवला, आणि त्यामुळे कामाला गती आली हे मान्यच केले पाहिजे. पण त्या गतीची मोजदाद टनांत आणि मोकळ्या झालेल्या एकरांत होते.

मग खरी चौकशी कशी असते? तिचा आरंभ कुदळीने होत नाही, दप्तराने होतो. कोणत्या सालापासून कोणत्या भागात कचरा पडला, कारखान्यांचा, इस्पितळांचा, इमारती पाडल्याचा माल कोणत्या वर्षांत आला, कोणत्या मक्तेदाराच्या गाड्या कोठे रिकाम्या झाल्या, आगी कोठे लागल्या, माती कोठे टाकली, याची रुजवात जुन्या नोंदींशी आणि त्याहूनही तेथे आयुष्य घालविलेल्या गाडीवानांशी, मुकादमांशी, वेचकांशी केली पाहिजे. ढिगाच्या कोणत्या कोपऱ्यात काय निघते हे तीस वर्षे तेथे भंगार वेचलेल्या बाईला जितके ठाऊक असते तितके कोणत्याही अभियंत्याला नसते. तिची साक्ष लिहून घेणे हा चौकशीचा भाग समजला गेला पाहिजे.

त्यानंतर बोअर. भूजल ज्या दिशेने येते त्या बाजूला, ढिगाच्या वरच्या अंगाला, एक तरी बोअर घ्यावा लागतो, म्हणजे ढिगाचा स्पर्श होण्यापूर्वीचे पाणी कसे आहे ते कळते. आणि पाणी ज्या बाजूला उतरते तिकडे निरनिराळ्या अंतरांवर, निरनिराळ्या खोल्यांवर अनेक बोअर घ्यावे लागतात, म्हणजे डाग किती दूर आणि किती खोल पसरला याचा नकाशा काढता येतो. या दोहोंतील फरक हाच पुरावा. केवळ खालच्या अंगाचा एक नमुना घेऊन, दूषितता आढळली तर ती शहराच्या गटारांमुळे आहे असे म्हणणे, आणि न आढळली तर ढीग निर्दोष आहे असे म्हणणे, दोन्ही सारखेच निराधार. देवनारला तर आणखी एक अडचण आहे: खाडीच्या भरतीबरोबर भूजलाची पातळी आणि कधी तिची दिशाही बदलते, म्हणून भरतीचा नमुना वेगळा आणि ओहोटीचा वेगळा घ्यावा लागेल. क्लोराइड हे लिचेटचे एरवीचे विश्वासू लक्षण, पण खाऱ्या खाडीकाठी त्याचा उपयोग नाही. तेथे अमोनियाकडे, सेंद्रिय द्रव्याच्या मापाकडे आणि धातूंकडे अधिक बारकाईने पाहावे लागेल. खाडीतला गाळ आणि खाडीतली मासळीही तपासावी लागेल, कारण तुर्भ्याचे कोळीही या ढिगाचे शेजारीच आहेत, आणि हेच पाणी पुढे ज्या रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याला जाऊन मिळते त्याला २०२२ साली पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले आहे. घरांच्या जोत्याजवळच्या मातीत आणि बंद गटारांत मिथेन आहे का, हे हातातल्या यंत्राने गल्लोगल्ली फिरून पाहता येते. आणि शेवटी माणसे: दमा, क्षय, त्वचेचे विकार, गर्भपात, अपुऱ्या वजनाची बालके यांची घरागणिक नोंद, अंतराच्या हिशेबाने मांडलेली.

ही शेवटची गोष्ट शासनाने करावी तेव्हा करावी, रहिवासी तिचा आरंभ स्वतः करू शकतात, याचे उदाहरण अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरी घडलेले आहे. लव्ह कॅनॉल नावाच्या एका अर्धवट खणून सोडलेल्या कालव्यात १९४२ ते १९५३ या काळात एका रासायनिक कंपनीने सुमारे एकवीस हजार टन घातक रसायने पुरली, वर माती ओढली, आणि ती जागा एका डॉलरला शहराच्या शाळा मंडळाला विकून टाकली. त्यावर शाळा उभी राहिली, भोवती घरे उठली. सत्तरच्या दशकात अतिवृष्टीने व बर्फ वितळून भूजल चढले आणि तळघरांच्या भिंतींतून काळा द्रव पाझरू लागला. तेथील एक गृहिणी, लोइस गिब्ज, घरोघर फिरली, कोणाला काय आजार आहेत ते तिने विचारले आणि नकाशावर खुणा केल्या. त्या खुणा कालव्यापासूनच्या अंतराप्रमाणे नीट पसरेनात, तेव्हा जुन्या रहिवाशांनी सांगितले, की पूर्वी येथे ओहोळ होते आणि ते पुढे भरून टाकले. खुणा त्या बुजविलेल्या ओहोळांच्या काठाने जमल्या होत्या. अधिकाऱ्यांनी ही पाहणी आरंभी झिडकारली. १९७८ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली, शेकडो कुटुंबे हलविली गेली, आणि १९८० साली त्या देशाने जुन्या विषारी जागांच्या चौकशीसाठी व सफाईसाठी सुपरफंड नावाने ओळखला जाणारा कायदा केला, ज्याचे मुख्य तत्त्व दूषित करणाऱ्याने खर्च सोसावा हे आहे. देवनारचा ढीग मुख्यतः घरगुती कचऱ्याचा आहे, लव्ह कॅनॉल रसायनांचा होता. दोहोंचे विष एक नाही. पण बुजविलेल्या ओहोळांची गोष्ट देवनारच्या ढिगाभोवती खाजणावर वसलेल्या गोवंडी-मानखुर्दला तंतोतंत लागू आहे, कारण तेथेही जुने नाले आणि खाडीचे फाटे भरावाखाली गेले आहेत, आणि पाणी आपली जुनी वाट सहसा विसरत नाही. त्या प्रकरणातली आणखी एक बाब आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते: तेथे पुरलेले बहुतांश विष उकरून नेले गेले नाही, वर चिकणमातीचे झाकण आणि भोवती पाझर गोळा करणारे चर घालून ते तेथेच कोंडले गेले आणि त्यावर आजही पहारा आहे. उकरावे की कोंडावे, याचा निर्णय चौकशीने झाला.

आपल्याकडे तो निर्णय आधी होतो, म्हणून बायोमायनिंग म्हणजे प्रत्यक्षात काय हेही सांगितले पाहिजे. ढीग थराथराने उतरवून त्याच्या लांब ओळी घालतात, त्यांवर जिवाणूंचे द्रावण फवारतात, आठवड्या-आठवड्याने त्या उलथून हवा देतात. ओल कमी झाली, कुजणे शमले, की तो माल ट्रॉमेल नावाच्या फिरत्या लोखंडी दंडगोल चाळणीतून काढतात. मोठ्या भोकांतून दगड, विटा, कापड, प्लास्टिक वेगळे होते, बारीक भोकांतून काळसर माती पडते. प्लास्टिक-कापडाच्या गाठी सिमेंटच्या भट्ट्यांत इंधन म्हणून जातात, राडारोडा भरावाला जातो, आणि वजनाने मोठा वाटा असलेली ती बारीक माती खड्डे भरण्यास, रस्त्याच्या तळाशी, कधी शेतात दिली जाते. काम शहाणपणाने केले तर ही रीत चांगली आहे, याविषयी शंका नाही. पण ती काळी माती दिसते तितकी निष्पाप नसते. काचेच्या चुऱ्याबरोबर आणि प्लास्टिकच्या कणांबरोबर जड धातूही तिच्यात उतरतात, हे दिल्लीच्या आयआयटीतील संशोधकांनी दाखविले आहे. प्रत्येक खेपेची तपासणी न करता ती दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या खाणीत, एखाद्या सखल वाडीत नेऊन ओतली, तर एका मोठ्या ढिगाचे शंभर छोटे, अज्ञात ढीग होतील आणि त्यांचा शोध आपल्या नातवंडांना घ्यावा लागेल. मुलुंडच्या कचराभूमीचे काम पाहा: सुमारे चोवीस हेक्टर, सत्तर लक्ष टन, २०१८ साली कचरा टाकणे बंद, सहा वर्षांच्या मुदतीने काम दिलेले; ती मुदत अपुरी पडली आणि वाढवावी लागली. देवनार मुलुंडच्या अडीच पटींहून मोठा आणि मुदत त्याच्या निम्मी. पावसाचे चार महिने ओला माल चाळणीतून उतरत नाही, हे या कामातला कोणताही मजूर सांगेल. घाई झाली की पहिला बळी तपासणीचाच जातो, आणि उकरलेल्या ढिगाचा वास व धूळ वस्तीवर जाते ती निराळीच.

जमिनीचा मोह हा या घाईचा उगम आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. देवनारच्या कचराभूमीतील १२४ एकर जागा धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांच्या घरांसाठी देण्याचे राज्य सरकारने २०२४ साली ठरविले. बंद झालेल्या भरावभूमीची पंधरा वर्षे देखभाल करावी, आणि त्यानंतरही वायू व लिचेट मानकांत बसतात व जमीन स्थिर आहे अशी खात्री पटल्यावरच मानवी वस्तीचा विचार करावा, असे २०१६ च्या नियमांचे परिशिष्ट सांगत होते. उकरून मोकळी केलेली जमीन या कलमात येत नाही, असा युक्तिवाद कायद्याच्या अक्षरावर करता येईल. पण वरचा कचरा गेला तरी शंभर वर्षे भिजलेली खालची माती आणि पाणी तेथेच राहणार, आणि ती जमीन कोणत्या इयत्तेपर्यंत शुद्ध झाली म्हणजे तेथे मूल रांगू शकते, याचे उत्तर मापानेच मिळेल. पश्चिम उपनगरात मालाडला जुन्या कचराभूमीवर व तिच्या आसपास कचेऱ्यांच्या इमारती उठल्या, तेव्हा जमिनीतून येणाऱ्या वायूंनी तेथील संगणक आणि वातानुकूलन यंत्रे गंजून बंद पडू लागल्याचा अनुभव या शहराने घेतलेला आहे. तेथे यंत्रे होती आणि ती बदलता आली.

मुंबईबाहेरही हीच कथा निराळ्या नावांनी चालू आहे. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांच्या शिवारात दशकानुदशके पडला, विहिरींचे पाणी पिण्यालायक राहिले नाही, टँकर आले, आंदोलने झाली, गाड्या अडविल्या गेल्या, न्यायाधिकरणाचे हुकूम झाले. २०१७ साली ही गावे महापालिकेत घेतली गेली आणि पुढे ती वगळून २०२४ साली त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. हद्दीच्या या येरझाऱ्यांत बाधित विहिरीचे पालकत्व कोणाकडे राहिले? औरंगाबादेजवळ नारेगावच्या लोकांनी तीस वर्षांहून अधिक काळ सोसल्यावर २०१८ च्या फेब्रुवारीत गाड्या रोखल्या, तेव्हा शहर आठवडेच्या आठवडे तुंबले आणि नवी जागा शोधण्यात सारी यंत्रणा गुंतली. जुन्या जागेच्या भूजलाची विचारपूस मागे पडली. मडगावजवळ सोनसोड्याला २०१९ साली आग लागेपर्यंत ढीग वाढतच होता.

चौकशीने काम लांबेल, अशी भीती प्रामाणिकपणे व्यक्त करणारे लोकही आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. ऋतुचक्र एक पुरे झाले म्हणजे पाण्याची पहिली विश्वसनीय नोंद हाती येते. तोवर ढिगाच्या ज्या भागांत धोका कमी आहे तेथे काम चालू ठेवता येते, यंत्रे उभारता येतात, काळे पाणी अडविणारे चर खणता येतात. खर्चाचे म्हणाल तर दोन हजार तीनशे कोटींच्या कामात बोअर, प्रयोगशाळा आणि आरोग्य-पाहणी यांची रक्कम नजरेत भरणारी असणार नाही. उलट चौकशीवाचून दिलेला मक्ता हा आंधळा मक्ता असतो. आत काय आहे हे न कळता ठरलेला दर पुढे वाद, मुदतवाढ आणि वाढीव बिले यांना जन्म देतो, याचा अनुभव सार्वजनिक बांधकामाच्या प्रत्येक खात्याने घेतला आहे. आणि जी आई पंचवीस वर्षे मुलाला खोकताना ऐकत आली, तिला काही महिन्यांच्या चौकशीने उशीर होईल असे आपण तिच्या वतीने ठरवू नये, तिला विचारावे.

माझ्या मते चौकशीचे काम मक्तेदाराकडे किंवा त्याने नेमलेल्या सल्लागाराकडे असता कामा नये. प्रदूषण नियंत्रण मंडळ, एखादी विज्ञानसंस्था, आणि वस्तीने निवडलेले प्रतिनिधी, ज्यांत कोळीवाड्याचा आणि कचरावेचकांचा माणूस असलाच पाहिजे, अशा मंडळीच्या देखरेखीखाली नमुने घेतले जावेत. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग सील करून वेगळा ठेवला जावा, म्हणजे वाद पडला तर दुसऱ्या प्रयोगशाळेत त्याची फेरतपासणी होईल. निष्कर्ष प्रभाग कार्यालयाच्या फलकावर, शाळांत, दवाखान्यांत लावले जावेत. मक्तेदाराची बिले टनांवर निघोत, पण त्यांतला एक मोठा हिस्सा भूजलाच्या आणि वायूच्या मापांत सुधारणा सिद्ध झाल्यावरच हाती पडेल अशी अट करारात असावी, आणि बाहेर जाणाऱ्या मातीच्या प्रत्येक गाडीचा मुक्काम जाहीर नोंदवहीत लिहिला जावा. ज्यांनी आयुष्यभर हा ढीग हातांनी चाळला त्या वेचकांना चाळणीवरच्या कामात पहिला हक्क, हातमोजे, ओळखपत्र आणि वेतन मिळावे. ढीग हलविण्याच्या नावाखाली त्यांनाच आधी हलविले जाऊ नये.

यांतले सर्वांत निकडीचे काम बोअरचे आहे. त्यांच्या जागा खाडीच्या बाजूला, वस्तीच्या बाजूला आणि वरच्या अंगाला निश्चित करून पहिले पाणी पावसाळ्यापूर्वी काढले पाहिजे, कारण पावसाआधीचा नमुना एकदा हुकला की तो पुढच्या वर्षावाचून मिळत नाही, आणि उकरणे बरेच पुढे गेल्यावर ढीग जागचा न हलता त्याच्याखाली काय होते हे सांगणारा नमुना तर कोणत्याच वर्षी मिळणार नाही.